सातशे कोटी कैलास

महाराष्ट्र बघायला निघालेल्या माणसाची यादी साधारण ठरलेली असते. वेरूळ, अजिंठा, लोणार, महाबळेश्वर, कळसूबाई, रायगड. कुणी दर्शनाला जातं, कुणी ट्रेकला, कुणी मुलांच्या सुट्टीचं निमित्त काढून. डोळे भरून बघून होतं, फोटो काढून होतात, मक्याचं भाजलेलं कणीस खाऊन होतं आणि गाडी परतीला लागते. यात एकच गोष्ट राहून जाते आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. या ठिकाणांचा हिशेब कुणी मांडत नाही. ही सगळी ठिकाणं एकाच काळ्या फत्तराची आहेत, आणि त्या फत्तराचा हिशेब मांडायला बसलं की शून्यं लिहिता लिहिता हात दुखायला लागतो. चला, आज मांडूच.

आधी माप ठरवू. रेल्वे फाटकात अडकल्यावर आपण जी लांबच लांब मालगाडी बघतो, तीच घेऊ. साधारण ५८ वाघिणी, वजन साडेतीन हजार टन, लांबी इंजिनासकट साडेसहाशे मीटर. ही आपली एक मालगाडी. आता निघू वेरूळला.

वेरूळला ३४ लेणी आहेत. त्यातलं सोळावं म्हणजे कैलास. त्याचं अंगण ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद. मागचा कडा ३० मीटरच्या वर, म्हणजे दहा मजली इमारत आत उभी केली तरी तिची गच्ची कड्याच्या बाहेर डोकावणार नाही. हे मंदिर बांधलेलं नाही, डोंगरातून मोकळं केलेलं आहे. वरून सुरुवात, खाली शेवट. कळस आधी आणि पाया नंतर! एक हत्ती चुकला म्हणून दुसरा दगड आणून बसवायची सोय नाही. आणि हे मोकळं करण्यासाठी जो दगड फोडून बाहेर काढला, त्याचा अंदाज आहे दोन लाख टन.

दोन लाख टन! भरा आपल्या मालगाडीत. एक भरली, दहा भरल्या, पन्नास भरल्या, अजून दगड शिल्लक. ५७ मालगाड्या लागतात. त्या एकामागे एक उभ्या केल्या तर रांग ३७ किलोमीटरची. पहिलं इंजिन मुंबईत सीएसएमटीच्या फलाटाला टेकलेलं असेल, तर शेवटची वाघीण ठाणं ओलांडून पार पलीकडे. मालगाड्या नको असतील तर दहा टनी ट्रक घ्या. २० हजार ट्रक लागतील. प्रत्येकाला दहा मीटर रस्ता दिला तर रांग २०० किलोमीटर. मुंबई ते पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा आहे. म्हणजे मुंबईपासून पुण्यापर्यंत ट्रकला ट्रक चिकटलेला, प्रत्येक ट्रक दगडाने भरलेला, आणि पुण्यात शिरूनही रांग संपलेली नाही. आणि हे सगळं एका देवळासाठी!

आता हे फोडलं कशाने? जेसीबी नाही, सुरुंग नाही. छिन्नी, हातोडा, पहार. समजा एका घावाला शंभर ग्रॅमची कपची उडाली. तर घाव किती झाले? २०० कोटी. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचा शिस्तीत हिशेब केला होता. एक माणूस दिवसाला चार घनफूट दगड फोडतो असं धरलं, तर अडीचशे माणसांना हे काम साडेपाच वर्षांत करता येतं. चार घनफूट ऐकायला किरकोळ वाटतं. वजन करा: तीनशे किलोच्या वर. सिमेंटच्या सहा गोण्यांइतका काळा पत्थर, एका माणसाने, रोज, हाताने. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने सुमारे १७ वर्षं राज्य केलं आणि कैलासाचं श्रेय मुख्यतः त्यालाच देतात. राजाच्या हयातीत पुरं होईल असं हे काम होतं, हे आकड्यांतूनच दिसतं, आणि म्हणूनच ते जास्त थरारक आहे. परग्रहावरच्या लोकांनी वेरूळ खोदलं असल्या गोष्टी मोबाइलवर फिरत असतात. त्या ऐकल्या की मला मनापासून राग येतो. अडीचशे माणसांचे हात पुरेसे होते. ते श्रेय त्यांच्याकडून काढून घेऊ नये.

कैलासाला प्रदक्षिणा घालताना मंदिराकडची नजर क्षणभर वळवा आणि बाजूच्या उभ्या कड्याकडे बघा. त्यावर टाकीच्या खुणा आहेत. एकीशेजारी एक, तिरक्या, बोटभर अंतराने, खालून वर नजर पोचेल तिथपर्यंत. त्या २०० कोटींपैकी काही घाव तिथे अजून मोजता येतात.

आता गाडीत बसा आणि पूर्वेला लोणारला चला. बुलढाणा जिल्हा. इथेही दगडात खड्डाच आहे, पण हा माणसाने खोदलेला नाही. आकाशातून अशनी आला आणि आदळला. विवराचा व्यास १.८ किलोमीटर. काठाने एक फेरी मारायची तर पावणेसहा किलोमीटर चाला. काठापासून तळ दीडशे मीटर खाली. दोन कुतुबमिनार एकावर एक उभे केले तरी वरच्याचा कळस काठाच्या आतच राहतो. आज जी पोकळी दिसते, ती ढोबळमानाने २० कोटी घनमीटरची. शेतातली मोठी विहीर घ्या, आठ मीटर रुंद आणि बारा मीटर खोल. अशा सव्वातीन लाख विहिरी या एका खड्ड्यात मावतात. धरणाच्या भाषेत सांगायचं तर सात टीएमसी. पुण्याच्या खडकवासल्याचा उपयुक्त साठा दोन टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे तीन खडकवासले ओतले तरी लोणार काठोकाठ भरणार नाही!

एवढ्या पोकळीत मावेल तो दगड मालगाडीत भरू. ५६ कोटी टन. एक लाख ६० हजार मालगाड्या. रांग एक लाख किलोमीटरच्या वर. विषुववृत्तावर रूळ टाकले तर ही गाडी पृथ्वीला अडीच वेढे घालून उभी राहील. कैलासाच्या हिशेबात सांगायचं तर २,८०० कैलास. ढवळीकरांच्या अडीचशे माणसांना हे काम दिलं असतं, तर त्यांना १५ हजार वर्षं लागली असती. आणि अशनीला किती लागली? अशा विवराचा आकार उभा राहायला मिनिटसुद्धा लागत नाही. अशनी पृथ्वीवर येतात ते सेकंदाला साधारण २० किलोमीटर वेगाने. त्या वेगाची लोकल असती तर मुंबईहून पुणे दहा सेकंदांच्या आत. दार लागेपर्यंत पुणं आलेलं! १५ हजार वर्षांचं काम एका मिनिटाच्या आत. हे वाक्य मी लिहिलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

महाबळेश्वरला फार वेळ थांबत नाही, पण पावसाचा आकडा घेऊन जाऊ. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एका एकरावर जेवढं पाणी पडतं, त्यात दहा हजार लिटरचे सव्वादोन हजार टँकर भरतात. एका एकरावर! उन्हाळ्यात एका टँकरसाठी आख्खं गाव हंडे घेऊन वाट बघतं, त्या महाराष्ट्रात. खाली तापोळा-बामणोलीला आपण बोटीतून फिरतो, ते कोयनेचं शिवसागर. त्याची क्षमता १०५ टीएमसी. त्याचे टँकर केले तर सुमारे ३० कोटी होतात आणि त्यांची रांग चंद्रापर्यंत जाऊन परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. अशा जवळजवळ चार चकरा. पुढे चला, कारण खरा आकडा अजून यायचा आहे.

कळसूबाईच्या माथ्यावर या. समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर, राज्यातली सर्वांत उंच जागा. साडेबावीस कुतुबमिनार. माथ्यावरून चहूकडे बघा. अलंग, मदन, कुलंग, हरिश्चंद्रगड. प्रत्येक डोंगराला आडव्या पायऱ्या आहेत, कुणी पट्टीने आखल्यासारख्या. या पायऱ्या म्हणजे लाव्ह्याचे थर. एक थर पसरला, थंड झाला. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ही जमीन फाटली आणि भेगांतून लाव्हा वाहायला लागला. ज्या कळसूबाईवर आपण धापा टाकत चढलो, ती पायथ्यापासून माथ्यापर्यंत गोठलेला लाव्हा आहे. वेरूळचा डोंगर तोच, अजिंठ्याचा तोच, रायगड तोच, लोणारचा अशनी आदळला तोही त्याच दगडावर. महाबळेश्वरच्या लाव्ह्याशी जुळणारा दगड पार आंध्रात राजमहेंद्रीजवळ सापडतो, सरळ रेषेत साडेआठशे किलोमीटरवर. चार वेळा मुंबई-पुणे!

हा दगड आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. आख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरचा, यावरून ओळखा. पश्चिमेला त्याची जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते, कडेला पातळ होते. आपण हात आखडून सरासरी एक किलोमीटर धरू. तर झाला ५ लाख घन किलोमीटर. आता कागद मोठा घ्या.

एका घन किलोमीटरात २८० कोटी टन दगड. त्याला पाचने गुणा, मग लाखाने. येतात १४ कोटी कोटी टन. टनाला एक रुपया भाव लावा, फक्त एक रुपया, म्हणजे जवळजवळ फुकटच. किंमत होते १,४०० लाख कोटी रुपये. भारत सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प साधारण ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. एक रुपया टनाने विकलेल्या या दगडावर देशाचे २७ अर्थसंकल्प निघतील आणि वर पैसे उरतील.

लोणारची विवरं किती भरतील? २५ लाख.

मालगाड्या किती? ४० हजार कोटी. रांग २६ हजार कोटी किलोमीटरची. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे; ही गाडी त्याच्या १,७०० पट लांब. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत येतो. शेवटच्या डब्यातल्या गार्डाने हिरवा कंदील दाखवला, तर तो प्रकाश इंजिनापर्यंत पोचायला दहा दिवस लागतील. दहा दिवस! प्रकाशाला!

आणि कैलास किती निघतील? मी हा भागाकार तीनदा केला. सातशे कोटी. पृथ्वीवर माणसं आहेत आठशे कोटींच्या थोडी वर. म्हणजे जगातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या नावाने, तान्ह्या बाळापासून खाटेवरच्या आजीपर्यंत, एकेक कैलास मोकळा करायला जेवढा दगड फोडावा लागेल, तेवढा आपल्या पायाखाली पडलेला आहे.

वजनाचं झालं, आता काळाचं बघू. हे ६ कोटी ६० लाख वर्षांचं अंतर मुंबई-पुणे रुळांवर आखू. सीएसएमटीला लाव्हा वाहायला लागला आणि पुणे स्टेशनात आजचा दिवस आहे. दादर गेलं, कल्याण गेलं, कर्जत गेलं, घाट चढून लोणावळा गेलं, तरी माणसाचा पत्ता नाही. शिवाजीनगर मागे पडतं. लोणारचं वय आधी ५० हजार वर्षं सांगत, नव्या मोजणीत ते ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. ते धरलं तर पुण्याचा फलाट पावणेदोन किलोमीटरवर दिसत असताना अशनी आदळतो. आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यावर पहिली छिन्नी पडते, तेव्हा गाडी थांबायला साडेसहा मीटर उरलेले असतात. कैलास पावणेचार मीटरवर. रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला १६७४ साली, तो शेवटच्या एका मीटरवर. आणि आपलं सगळं आयुष्य, जन्मापासून पंचाहत्तरीपर्यंत? २२ सेंटिमीटर. एक वीत.

म्हणून या सुट्टीत जाल तेव्हा कागद-पेन्सिल बरोबर घ्या आणि मुलांना गुणाकार करायला लावा. वेरूळला कैलास समोरून बघितला की लगेच परत फिरू नका. शेजारच्या वाटेने डोंगरावर चढा आणि वरून आत बघा, दोन लाख टन म्हणजे काय ते तिथूनच कळतं. लोणारला सकाळी लवकर पोचा, काठाची फेरी उन्हात जड जाते. आणि निघण्याआधी वार बघा: वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.