सायलेन्सरपासून चार बोटं दूर

२००९ च्या जुलैत टाटा नॅनो ग्राहकांच्या हाती पडू लागली आणि त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास तीन शहरांतून तक्रारी आल्या. अहमदाबाद, दिल्ली आणि लखनौ. स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधून धूर निघाला होता. कंपनीने स्विच बदलून दिले. पुढच्या मार्चमध्ये मुंबईत शोरूममधून घरी चाललेली एक नवी कोरी नॅनो भर रस्त्यात पेटली आणि तिची छायाचित्रं देशभर झळकली. चौकशीनंतर कंपनीने सांगितलं की आराखड्यात दोष नाही, कारणं त्या त्या गाडीपुरती आहेत. एक तर बाहेरून बसवलेलं विजेचं उपकरण, नाही तर एक्झॉस्टवर राहून गेलेली एखादी परकी वस्तू. तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये विकल्या गेलेल्या नॅनोंच्या एक्झॉस्टला आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून द्यायचं तिने ठरवलं. त्याला 'रिकॉल' म्हणायला मात्र ती तयार नव्हती.

स्पोर्ट्‌स कारचं वायरिंग तापापासून जपण्याच्या लेखात नॅनो कशाला, असं वाटेल. टाटांचे अभियंते गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या छोट्या गाडीचं ६२४ सीसीचं इंजिन मागे होतं, पोर्शे ९११ सारखं. इंजिन मागे गेलं की रेडिएटरमधून घुसणारा समोरचा वारा त्याला सरळ मिळत नाही. एक्झॉस्ट, पेट्रोलची नळी आणि वायरिंग थोडक्या जागेत दाटीवाटीने बसवावं लागतं. लाखाच्या गाडीला जो प्रश्न पडतो तोच कोट्यवधींच्या गाडीलाही पडतो, आणि त्याचा पुरावा २०१० मध्येच मिळाला. नॅनोच्या बातम्या ताज्या असतानाच फेरारीच्या ४५८ इटालिया गाड्या वेगवेगळ्या देशांत पेटल्या. मागच्या चाकाच्या कमानीतली हीट शिल्ड फेरारीने गोंदाने चिकटवली होती. फार तापल्यावर पत्रा वाकायचा, गरम एक्झॉस्टजवळ जायचा आणि तो गोंदच पेट घ्यायचा. सप्टेंबर २०१० मध्ये १,२०० हून जास्त गाड्या परत बोलावून फेरारीने गोंद काढला आणि त्या जागी धातूचे रिव्हेट मारले. उष्णता अडवायला लावलेलं कवचच आग लावू शकतं, हे गाड्यांना हौसेने चकचकीत पट्ट्या गुंडाळणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

टर्बो पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू जोर लावल्यावर ९०० अंशांच्या घरात असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. हा वायू गोळा करणारा मॅनिफोल्ड लालबुंद होतो तो वायूच्याच तापाने. त्याच्यापासून वीतभर अंतरावर ऑक्सिजन सेन्सरची, इंजेक्टरची, कॉइलची वायर गेलेली असते. वायरपर्यंत ताप तीन वाटांनी पोहोचतो. लाल झालेला धातू लांबूनच भाजतो, कोंडलेली हवा तापते आणि धातूला टेकलेली क्लिप सरळ आतपर्यंत ताप नेते. प्रत्येक वाटेवरचा उपाय वेगळा आहे. वायरवर चढवायची चमकणारी चंदेरी नळी पहिल्या वाटेवर उत्तम काम करते, दुसरीवर थोडं आणि तिसरीवर जवळजवळ काहीच नाही. बाजारात हे कुणी सांगत नाही.

आता लखनौचा मे महिना घ्या. लू वाहतेय, पारा ४५ च्या आसपास. आग्र्याहून ३०२ किलोमीटरच्या एक्स्प्रेसवेवर गाडी सुसाट येते. वाटेत तिला धोका तसा कमी, कारण वेगाबरोबर इंजिनखान्यातून वाराही वाहत असतो. खरा घात होतो तो शहरात शिरल्यावर. एक्झॉस्टची आख्खी नळी रसरसलेली, आणि पुढे हजरतगंजच्या दिशेने गाड्यांची रांग. वारा थांबतो, ताप मात्र थांबत नाही. गाडी उभी करून किल्ली काढली तर आणखी वाईट, कारण बहुतेक गाड्यांत पाणी फिरवणारा पंपही इंजिनाबरोबरच बंद पडतो. बोनेटखालची हवा इंजिन चालू असतानापेक्षा बंद केल्यावर पुढची दहा-पंधरा मिनिटं जास्त तापते. मेकॅनिक याला 'हीट सोक' म्हणतात. एक्स्प्रेसवे उतरल्यावर शेवटचे काही किलोमीटर सबुरीने चालवावेत आणि घरी पोहोचल्यावर मिनिटभर इंजिन मंद सोडून मग बंद करावं, हा जुना सल्ला टर्बोइतकाच वायरिंगच्याही भल्याचा आहे.

नुसत्या उन्हाने वायर पेटत नाही. वायरची सहनशक्ती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात ८५ अंशांपासून २५० अंशांपर्यंत वर्ग पाडलेले आहेत. साधी पीव्हीसी ८५ ते १०५ पर्यंत, इंजिनखान्यात सर्रास वापरली जाणारी क्रॉसलिंक पॉलिथिलीन १२५ पर्यंत, सिलिकॉन २०० पर्यंत, टेफ्लॉन त्याहून वर. हा आकडा म्हणजे वितळबिंदू नव्हे. त्या तापमानाला ३,००० तास टिकली तर वायर त्या वर्गात बसते. म्हणजे ती झिजतेच, फक्त किती तासांत ते ठरलेलं असतं. आणि ढोबळ नियम असा, की दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. पुण्यातल्या ३० अंशांच्या संध्याकाळीऐवजी गाडी लखनौच्या ४५ अंशांत चालली तर इंजिनखान्याची हवाही साधारण तेवढीच वर सरकते, आणि १५ अंशांच्या फरकाने त्या तासांपुरतं वायरचं आयुष्य जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

ही झीज हातात घेऊन बघण्यासारखी असते. टर्बोजवळून काढलेली जुनी वायर बोटांत धरून हलकेच वाकवा. नवी वायर रबरासारखी वळते, ही खारी बिस्किटासारखी कडकन मोडते आणि आवरणाची खपली गळून पडते. ताज्या तांब्याचा गुलाबी रंग आत सहसा दिसत नाही, ते काळवंडलेलं किंवा हिरवं पडलेलं असतं. पीव्हीसी करपताना आम्लाची वाफ सोडते, ती दमट हवेशी मिळून तांबं खाते. कपलरच्या तोंडाशी प्लास्टिक पिवळसर होऊन आतली पिन सैल झालेली असते. सैल जोडावर रोध वाढतो, रोधाने तिथेच ताप वाढतो, तापाने जोड आणखी सैल होतो. तांबं तापलं की त्याचा स्वतःचा रोधही चढतो, १०० अंशांच्या वाढीला सुमारे ३९ टक्के. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो, सेन्सर बदलला जातो, महिन्याने दिवा पुन्हा लागतो. बिचाऱ्या सेन्सरचा काही दोष नसतो.

मोठ्या कंपन्यांनीही यात मार खाल्ला आहे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या अनेक मर्सिडीजमध्ये, त्यांतल्या एसएल या दोन आसनी गाड्यांमध्येही, इंजिनच्या वायरिंगचं आवरण काही वर्षांत तापाने भुगा होऊन गळू लागलं. पर्यावरणाचा विचार करून विघटनशील साहित्य निवडलं होतं, ते इंजिनच्या अंगावर विघटित झालं. अशी गाडी घेणारे जाणकार आजही आधी वायरिंग बदललं आहे का ते विचारतात.

संरक्षणाचा क्रम माझ्या मते ठरलेला असावा, आणि तो बाजारातल्या क्रमाच्या उलट आहे. पहिलं अंतर. दूरवरून भाजणारा ताप अंतर वाढवलं की झपाट्याने उतरतो, म्हणून क्लिप फिरवून, हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, वळण देऊन चार बोटं जागा काढता आली तर ती कुठल्याही महागड्या आवरणापेक्षा मोलाची. दुसरं, मध्ये पत्र्याची आडभिंत, आणि पत्रा व वायर यांच्यात हवेची पोकळी. पत्रा वायरला टेकला तर तो तिला तापवू लागतो. मॅकलॅरन एफ१ च्या इंजिनखान्यात सुमारे १६ ग्रॅम सोन्याचा वर्ख लावला होता तो दिमाखासाठी नव्हता. उष्णतेचे किरण परतवण्यात सोन्याइतका वाकबगार धातू विरळाच. तिसऱ्या क्रमांकावर येते ती काचतंतूची, वरून ॲल्युमिनियम चढवलेली नळी. तीही थोडी सैल हवी, कचकचून आवळली की आतली हवा जाते आणि अर्धा उपयोग संपतो. टोकं उघडी ठेवू नयेत, तिथून तेल आणि धूळ आत जाते आणि तेलात भिजलेलं काचतंतूचं आवरण म्हणजे वात.

एक्झॉस्टला पट्टी गुंडाळायची का? रेसच्या गाडीला हो, तिथे नळी दर मोसमाला तपासली जाते. रोजच्या गाडीला मी नको म्हणेन. पट्टी ओलावा धरते, नळी गंजते, आणि कोंडलेल्या तापाने ओतीव मॅनिफोल्डला तडा जायची भीती असते.

लखनौच्या लालबागेत किंवा पुण्याच्या कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात तासाभरात गाडीचं रूप पालटून मिळतं. कारागिरांचे हात चपळ आहेत, यात शंका नाही. पण ६० वॉटच्या दिव्याजागी १०० वॉटचा बसवला, की त्याच वायरमधून पाचऐवजी आठ अँपिअरहून जास्त प्रवाह जातो आणि वायर आतून पावणेतीन पट तापते. बाहेरचा ४५ अंशांचा उन्हाळा, शेजारचा एक्झॉस्ट आणि हा आतला ताप, तिन्ही एकाच आवरणाने सोसायचे. यावर रिले आणि जाड वायर हाच उपाय आहे. सोललेल्या वायरला पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेली असते, तिचा चिकटपणा पहिल्या उन्हाळ्यात पाघळतो आणि टेप उलगडते. इंजिनखान्यात कापडी टेप आणि दाबून बसवलेला जोड हवा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज लावणं तर सरळ घातक आहे. फ्यूजचं काम वायरला वाचवणं आहे. १५ च्या जागी ३० लावला की आधी वायर जळते, फ्यूज शाबूत राहतो.

उन्हाळा सुरू व्हायच्या आधी, मार्चमध्ये, गाडी लिफ्टवर चढवून थंड इंजिनावर एकदा पाहणी करून घ्या. हीट शिल्डचे बोल्ट जागेवर आहेत का, क्लिपा तुटून हार्नेस लोंबत तर नाही, एक्झॉस्टजवळ काही चमकदार किंवा पिवळं झालेलं आहे का. एखादी शिल्ड खडखडते म्हणून काढून टाकायचा आग्रह मेकॅनिक करील, कारण आवाज लगेच बंद होतो. शिल्ड काढू देऊ नका, नवा बोल्ट मागा. चालत्या गाडीत करपट वास आला तर बाजूला घेऊन किल्ली बंद करा, सगळ्यांना उतरवून दूर न्या आणि धूर दिसत असेल तर बोनेट उघडू नका. आत कोंडलेल्या धगीला उघड्या बोनेटमधून एकदम हवा मिळते आणि ज्वाला तोंडावर येते. बॅटरीची तार काढायला हात घालायचा तो धूर अजिबात नसेल तरच.