लाजेची किंमत

चारचौघांत न बोलण्याच्या कांहीं गोष्टी असतात, असें आपणां सर्वांस लहानपणापासून शिकविलें जातें. ही शिकवण सर्वस्वीं चुकीची आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या विषयाबद्दल घरांत कोणीच बोलत नाहीं, त्याबद्दल तरुण मुलें कोणाला विचारीत असतील, याचा विचार आमच्या वाचकांनीं कधीं केला आहे काय?

माल, किंमत, विक्रीची जागा आणि जाहिरात या चार गोष्टी व्यापारी नेहमीं पाहतो. नफ्यासाठीं चालणारी हीच रीत लोकहितासाठीं वापरणें, यास ‘सामाजिक विपणन’ म्हणतात. १९७१ सालीं फिलिप कोटलर व जेराल्ड झाल्टमन या पंडितांनीं हें नांव रूढ केलें. परंतु त्यापूर्वीं तीन वर्षें तो प्रयोग आपल्याच देशांत सुरू झाला होता.

१९६८ सालीं सरकारनें पुरुषांनीं वापरावयाचें संततिप्रतिबंधक साधन ‘निरोध’ या नांवानें बाजारांत आणलें. पातंजल योगसूत्रांत चित्तवृत्तींविषयीं आलेला हा शब्द उच्चारावयास कोणाला संकोच वाटावा? तीन नगांची किंमत अवघी १५ पैसे. चहा, साबण, सिगारेटी, बॅटरीचे सेल असा माल विकणाऱ्या सहा मोठ्या कंपन्यांनीं तें दुकानोदुकानीं पोहोचविलें. हेंच साधन गुप्तरोगांपासून, आणि १९८६ सालीं भारतांत प्रथम आढळलेल्या एच. आय. व्ही.च्या संसर्गापासूनहि बचाव करतें.

त्या जाहिरातीचा रोख विवाहितांवर होता. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठीं केंद्र सरकारनें २०१४ सालीं राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रांत किशोरांच्या सल्लाकेंद्रांस ‘मैत्री’ हें नांव आहे. ‘गुप्तरोग’ अशी पाटी असलेल्या दारांतून कोणती मुलगी आंत जाईल? ‘मैत्री’च्या दारांतून ती जाऊं शकते.

तथापि एवढ्यानें काम भागत नाहीं. पैशांखेरीज तरुणांना आणखी एक किंमत द्यावी लागते, ती लाजेची. दुकानदार ओळखीचा निघेल, घरीं कळेल, या भीतीनें कित्येक जण दुखणें अंगावर काढतात. ही किंमत सरकारास उतरवितां येत नाहीं. ती घरांत ठरते.

र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें व १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. वाचकांच्या शंकांना ते आडपडदा न ठेवतां उत्तरें देत. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ सालीं त्यांच्या बाजूनें डॉ. आंबेडकर उभे राहिले. घरांत विचारतां न येणारे प्रश्न त्या काळींहि होतेच.

आमचें सांगणें इतकेंच कीं, आईबापांना संकोच वाटला तरी एकत्र कुटुंबांत आत्या, काकू, मामा, वहिनी असतात. मुलीला न्हाण येण्यापूर्वीं व मुलाचा आवाज फुटण्यापूर्वीं, शरीरांत काय बदल होणार हें त्यांपैकीं कोणीतरी सांगावें. पुढें रोग कसे होतात व कसे टळतात हेंहि सांगावें. ‘हें तुला कोणीं शिकविलें?’ असें मात्र दरडावूं नये. एकदां दटावलेलें मूल घरांत पुन्हा विचारीत नाहीं; तें हातांतल्या फोनला विचारतें, आणि तेथें खरें-खोटें निवडून देणारें मायेचें माणूस नसतें.

पाटीवर ‘मैत्री’ लिहिण्याचें काम झालें आहे. तिथपर्यंत जाण्याचें धैर्य मुलांना देणें, हें वडीलधाऱ्यांचें काम आहे.