समुद्र नेतो, समुद्र आणतो

आमच्या निवासी शाळेतील बरीचशी मुले घाटावरची. समुद्राचे पहिले दर्शन त्यांना सहलीतच घडते. हरिहरेश्वरला ओहोटीच्या वेळी कड्याखालच्या वाटेने चालताना त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘हे कोणी कोरले?’ लेणी पाहिलेल्या मुलांनी असे विचारावे, हे साहजिकच आहे. खडकाची भिंत मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार झालेली, पायाखाली सपाट कातळ आणि त्यात रांजणाच्या तोंडासारखे गोल खळगे!

हे कोरीवकाम लाटांचे व मिठाचे. लाट आदळली की खडकाच्या भेगांतील हवा कोंडून दाबली जाते. लाट मागे हटताच ती एकदम मोकळी होते. वर्षानुवर्षांच्या या माऱ्याने भेगा रुंदावतात. लाटेबरोबर आलेले दगडगोटे कड्याचा पाया कानशीसारखे घासतात. पाया पोखरला गेला की वरचा भाग कोसळतो आणि कडा जमिनीकडे थोडा मागे सरतो. पुढे उरतो तो सपाट कातळ म्हणजे तरंगघर्षित मंच. त्यावरील खोलगटात अडकलेले गोटे पाण्याबरोबर गरगर फिरून रांजणखळगे घडवितात. जाळी मात्र मिठाची करणी. खडकात मुरलेले खारे तुषार सुकले की मिठाचे स्फटिक वाढतात व खडकाचे कण सुटे करतात.

मग फुटलेला खडक जातो कोठे? आमच्या मते खरा धडा येथे सुरू होतो. लाट बहुधा किनाऱ्यावर तिरपी चढते, परतते मात्र सरळ उतारावरून. त्यामुळे वाळूचा कण नागमोडी वाटेने किनाऱ्यालगत पुढे पुढे सरकतो. नद्यांनी आणलेला गाळही या प्रवासात सामील होतो. जेथे पाण्याचा वेग मंदावतो तेथे पुळण साचते, खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा वाढतो. (दांड्याने अडविलेल्या पाण्याला पुस्तकात ‘खाजण’ म्हणतात, कोकणातला शेतकरी मात्र बांध घालून खाडीपासून राखलेल्या खाऱ्या जमिनीला खाजण म्हणतो. किनाऱ्यावरचे विद्यार्थी ही चूक आमच्या पदरात घालतात, आणि ते बरोबरच असते.)

गाळ साचल्याने माणसांचे व्यवहारही बदलतात. सोपाऱ्याला एके काळी गलबते लागत. तेथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूप उकलला. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर ओस पडले.

मालवणच्या दक्षिणेस देवबाग आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरे व माणसे. पावसाळी लाटा पुळणीची वाळू ओढून उथळ समुद्रात नेतात. हिवाळ्याच्या शांत लाटा ती पुन्हा आणून टाकतात. वरच्या वाळूला मर्यादवेल धरून ठेवते. अशी पुळण म्हणजे समुद्राची ठेव; ती शाबूत असेल तर उधाणाची लाट वाळूवरच थकते.

ही ठेव कमी झाली की गावे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी करतात. अंगणातला माड पडताना पाहणाऱ्या कुटुंबाला ‘वाळू परत येईल, थांबा’ असे सांगण्याचे धैर्य आमच्यात नाही. तरीही दगडी बंधाऱ्यावर आपटून उलटणारी लाट पायथ्याची वाळू उकरते, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. बंधाऱ्यामागे अडलेली वाळू पुढच्या किनाऱ्याला मिळत नाही आणि धूप शेजारच्या वाडीकडे सरकते. पुळणच उरली नाही तर रापण ओढायची कोठे? खाडीतून बेसुमार वाळू उपसली जाते, तेव्हाही किनाऱ्याच्याच वाट्याची वाळू जाते.

म्हणून सहलीत आम्ही मुलांना एक काम देतो. पुळणीवर काठी रोवून भरतीची रेघ मोजायची आणि वहीत तारखेसह नोंदवायची. पुढच्या वर्षीची तुकडी त्याच जागी पुन्हा मोजते. किनाऱ्यावर राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी नोंद करून पाठविली, तर ती त्याच वहीत उतरवून घेऊ.