आजोबांचं रिव्हॉल्व्हर आणि नवा काळा कोट

बाइकला पावडर कोटिंग, कारला टेफ्लॉन, मोबाइलला स्क्रीनगार्ड... आपल्या जिवाभावाच्या वस्तूंना आपण किती जपतो! पण घरात वारशानं आलेलं रिव्हॉल्व्हर गंजलं तर?

व्हिडीओ कॉलवर आम्ही अकरा जण होतो. क्लायंट अजून यायचा होता. तेवढ्यात आमच्या ‘शेठ’चा दुसरा फोन वाजला आणि पठ्ठ्या म्यूट करायला विसरला.

‘‘अरे, आजोबांच्या पिस्तुलाला गंज चढलाय. पार खरजेसारखा. काय करू सांग.’’

‘‘बाबा, पिस्तूल नाही हो, रिव्हॉल्व्हर!’’ शेठ ओरडला. मग त्याच्या लक्षात आलं की स्क्रीनवरचे दहाही चेहरे त्याच्याकडेच बघतायत. त्या दिवसापासून टीममध्ये त्याची वट एकदम वाढली.

शेठ हे अर्थातच ऑफिसातलं नाव. चिपळूणच्या बाजारपेठेत त्यांचं पिढीजात सराफी दुकान आहे. आजोबांनी साठच्या दशकात कलेक्टर ऑफिसात खेटे घालून परवाना काढला आणि एक .32 बोअरचं वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर घेतलं. बर्मिंगहॅमचं बनावटीचं, सहा गोळ्यांचं, मधोमध मोडून उघडणारं. उघडलं की रिकामी काडतुसं एकदम बाहेर येतात. आजोबांनी आयुष्यात ते चालवलं बहुतेक दसऱ्याच्या पूजेतच, म्हणजे नुसतं ताटात ठेवून! 1998 मध्ये ते गेले आणि परवाना बाबांच्या नावावर झाला.

मग आला 2021 चा जुलै. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं तेव्हा काय झालं ते टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलंय. शेठच्या दुकानातली तिजोरी दीड दिवस चिखलात होती. पाणी ओसरल्यावर बाबांनी रिव्हॉल्व्हर पुसलं, उन्हात धरलं, खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि पुन्हा चामड्याच्या म्यानात घालून ठेवून दिलं. दुकानाच्या चोपड्या, गिऱ्हाइकांचे गहाण दागिने, फर्निचर... त्या दिवसांत रिव्हॉल्व्हरकडे कोण बघतंय? दिवाळीला पूजेसाठी म्हणून म्यान उघडलं तेव्हा कातड्याबरोबर तांबड्या रंगाचा भुगा हातात आला.

घोळ त्या म्यानानंच केला होता. चामडं पाणी धरून ठेवतं. वरून कोरडं वाटलं तरी आत ओल असते, आणि कातडं कमावताना वापरलेले क्षार त्या ओलीबरोबर लोखंडाला खात बसतात. त्यामुळे बंदूक म्यानात ठेवायची ती नेण्यापुरती, साठवायची कधीच नाही. हे कुठल्याही जाणत्या दुकानदाराला विचारा, पहिल्या वाक्यात सांगेल. आपल्याकडे मात्र म्यान म्हणजे जणू हत्याराचं पांघरूणच!

शेठची पहिली रिअॅक्शन टिपिकल सॉफ्टवेअरवाल्याची होती. रात्रभर बसून त्यानं अमेरिकेतले व्हिडीओ पाहिले. तिकडे सध्या सेराकोटची चलती आहे. पॉलिमरमध्ये सिरॅमिक मिसळलेला हा लेप ओरेगॉन राज्यातली एक कंपनी बनवते. हत्याराचा एकेक स्क्रू सुटा करायचा, तेल-ग्रीस काढायचं, बारीक खड्यांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करायचा, लेप स्प्रेगननं मारायचा आणि साधारण 121 अंशांच्या भट्टीत दोन तास भाजायचा. रंग म्हणाल तो. काळा, वाळूसारखा, गुलाबीसुद्धा. गंजाला, घामाला, खरचटण्याला हा लेप जबरदस्त टिकतो. ‘‘यार, मॅट ग्रॅफाइट करून टाकू, सॉल्लिड दिसेल,’’ शेठनं मला रात्री दीड वाजता मेसेज टाकला होता.

आपल्याकडे मात्र हत्याराचं असं कुठलंही काम कोपऱ्यावरच्या गॅरेजात होत नाही. व्हायलाही नको. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती करायलासुद्धा स्वतंत्र परवाना लागतो. तुमच्या ओळखीचा पावडर कोटिंगवाला कितीही भारी असला, तरी त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर देणं म्हणजे त्याला आणि स्वतःला गोत्यात आणणं. म्हणून बाबा स्वतः मूळ परवाना, न भरलेलं रिव्हॉल्व्हर आणि चेहऱ्यावर लग्नाला निघाल्याचा भाव घेऊन मुंबईला आले. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानाचं नाव छापायचं नाही, या अटीवर मालकांनी मला कारागिराशेजारी बसू दिलं.

दुकानात सगळे त्यांना चाचा म्हणतात. जाड भिंगाचा चष्मा, नखांत कायमचं काळं. आधी त्यांनी रिव्हॉल्व्हर मोडून उघडलं, सहाही घरं रिकामी आहेत हे पाहिलं, बोट घालून पुन्हा पाहिलं. मग नळीतून खिडकीकडे बघितलं. ‘‘अंदर अच्छा है,’’ ते म्हणाले आणि बाबांनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. गंज बाहेरच होता. डाव्या बाजूला मात्र त्यानं बारीक खड्डे पाडले होते, आणि ते नेमके नंबराच्या आसपास.

शेठनं मोबाइलवरचा मॅट ग्रॅफाइट पुढे केला. चाचांनी तो नीट पाहिला, झूम करून पाहिला. ‘‘बढ़िया है. नए माल के लिए.’’

मग त्यांनी जे समजावलं ते आमच्या डोक्यात फिट बसलं. सेराकोट हा वरून बसणारा थर आहे. जाडी जेमतेम 25 मायक्रॉन, पण थर तो थर. जुन्या रिव्हॉल्व्हरचं फिरतं सिलिंडर आणि चौकट यांच्यातली फट आधीच बेताची असते, त्यामुळे तिथे हात राखूनच काम करावं लागतं. त्याहून मोठी भानगड म्हणजे लेप धरण्यासाठी खड्यांचा मारा करावा लागतो आणि त्यात आधीच पुसट झालेली अक्षरं आणखी बोथट होतात. हा काही फक्त हौसेचा प्रश्न नाही. हत्यारावरचा नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं, काढणं, बदलणं हा कायद्यानं गुन्हा आहे. उद्या परवाना नूतनीकरणाच्या वेळी नंबर वाचता आला नाही तर साहेबांना काय सांगणार, मॅट ग्रॅफाइट सॉल्लिड दिसत होतं म्हणून?

मूळ फिनिश होता ‘ब्लूइंग’चा. नावात निळा असला तरी दिसतो निळसर काळा. हा रंगही नाही आणि लेपही नाही. लोखंडाच्याच वरच्या पापुद्र्याचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर करायचं. गंजाचाच सख्खा भाऊ म्हणा ना! लाल गंज फुगतो, सुटतो, खालचं लोखंड उघडं पाडतो. काळा मात्र चिकटून बसतो आणि तेल धरून ठेवतो. कारखान्यांत हे काम कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या, दीडशे अंशांच्या जवळ जाणाऱ्या द्रावणात होतं. (अॅल्युमिनियमची चौकट असेल तर त्यात घालायची सोय नाही, कॉस्टिक ती खाऊन टाकतं.) जुनी पद्धत संथ आहे. धातू चकचकीत स्वच्छ करायचा, त्यावर आम्लाचं सौम्य द्रावण पुसायचं आणि दमट पेटीत ठेवून मुद्दाम गंज चढू द्यायचा. मग डिस्टिल्ड पाण्यात उकळायचं. तांबडं काळं होतं. वरचा सुटा थर बारीक स्टील वूलनं घासून काढायचा. पुन्हा द्रावण, पुन्हा पेटी, पुन्हा उकळी. असं सहा-सात वेळा, कधी जास्तही.

म्हणजे कोकणातल्या ज्या ओलीनं रिव्हॉल्व्हर खाल्लं, त्याच ओलीतून चाचा त्याला नवा कोट चढवणार होते! पावसाळ्यात काम जास्त छान होतं, असंही ते म्हणाले.

ब्लूइंगनं खड्डे मात्र लपत नाहीत. ते घालवायचे तर धातू घासावा लागतो. जास्त घासलं की कडा गोल होतात, अक्षरांच्या भोवती बशीसारखी खोलगट जागा तयार होते आणि पाहणाऱ्याला लगेच कळतं की इथे कोणीतरी हात मारलाय. संग्राहकांचं तर म्हणणं असतं की काहीच करू नका, मूळ फिनिश उरलाय तेवढा राहू द्या. आपल्याकडे याला पैशाचाही कोन आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली. पुढे कानपूरच्या सरकारी कारखान्यानं याच जातकुळीचं .32 रिव्हॉल्व्हर काढलं, पण जुन्या विलायती मालाचा भाव चढतच गेला.

‘‘विकायचं असेल तर हात लावू नका,’’ मालक स्पष्ट बोलले. ‘‘ठेवायचं असेल तर करा.’’

दुकानात एकदम शांतता झाली. कारण घरात खरा वाद हाच होता. बाबांची सत्तरी जवळ आली होती. 2016 च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, की तो हयातीतच वारसाच्या नावानं परवान्यासाठी अर्ज करायला सांगू शकतो. बाबांना ते शेठच्या नावावर करायचं होतं. शेठच्या बायकोचा ठाम विरोध. घरात चार वर्षांची मुलगी, टू बीएचके फ्लॅट, आणि पुण्यात कुठला दरोडा पडणार आहे? तिचं चुकत नव्हतं. मला तर तिचंच पटत होतं. हौसेखातर बेडरूमच्या कपाटात रिव्हॉल्व्हर ठेवण्यात काय शान आहे, मला अजून कळलेलं नाही.

‘‘मी असेपर्यंत ते माझ्याकडेच राहील,’’ बाबा म्हणाले. ‘‘पण गंजलेलं नाही राहणार. अण्णा ते दर शनिवारी पुसायचे.’’

ठरलं. संथ ब्लूइंग. खड्डे घालवायचे नाहीत, फक्त गंज थांबवायचा. नंबराच्या भागाला पॉलिशचं चाक लावायचंच नाही. आणि मुठीच्या पट्ट्या होत्या तशाच ठेवायच्या. उजव्या पट्टीवरची नक्षी आजोबांच्या तळव्यानं घासून गुळगुळीत झालीय. रजिस्टरमध्ये नोंद झाली, बाबांनी सही केली, पावती परवान्यात ठेवली.

पाच आठवड्यांनी ते परत मिळालं. नव्यासारखं? छे! डावी बाजू देवीचे व्रण असलेल्या गालासारखी, पण सगळीकडे एकसारखा खोल काळा रंग, तिरप्या उजेडात किंचित निळा. चाचांनी भिंगाखाली नंबर दाखवला. एकेक आकडा स्वच्छ. बाबांनी तो परवान्यावरच्या आकड्यांशी दोनदा ताडून पाहिला.

खर्च म्हणाल तर गोव्याच्या एका वीकेण्डइतका.

शेठनं 2023 मध्ये पुण्याच्या पोलीस आयुक्तालयात अर्ज केला, पण बायकोशी तह करूनच. हत्यार चिपळूणच्या तिजोरीत राहील, बाबांना झेपेनासं झालं की थेट परवानाधारक विक्रेत्याकडे जमा. अर्जदाराला शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ते नीट ठेवण्याची हमीही द्यावी लागते. प्रशिक्षणाला शेठ गेला तेव्हा आम्ही त्याला काऊबॉय हॅट भेट दिली.

मागच्या दसऱ्याला मी चिपळूणला गेलो होतो. रिव्हॉल्व्हर आता सुती कापडात असतं, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. दर शनिवारी बाबा मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवतात. बोटांचे ठसे राहू द्यायचे नाहीत, घामातलं मीठ वाईट. म्यान त्यांनी टाकलेलं नाही, ते आजोबांच्या चष्म्याच्या घरासोबत ड्रॉवरमध्ये रिकामं पडलंय. पुसून झालं, तिजोरीला कुलूप लागलं, तशी आतून काकूंची हाक आली, ‘‘अहो, ते तेलाचे हात साबणानं धुवा हं, श्रीखंड वाढलंय!’’