लाटेचा फोटो : हक्काची साक्ष

समुद्र सर्वांचा, असे आपण म्हणतो. पण किनाऱ्यावर कोणी उतरायचे हे ठरवणारी माणसे जगात सगळीकडे होती. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची हकीकत आपल्या वाचकांनी समजून घेण्यासारखी आहे.

लांब फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येणे, याला सर्फिंग म्हणतात. हा खेळ मुळात हवाई बेटांवरील मूळ रहिवाशांचा. त्याचा फोटो काढणे कठीण. वाळूवरून काढला तर माणूस मुंगीएवढा दिसतो. पाण्यात शिरावे तर कॅमेरा भिजतो. १९३०च्या सुमारास टॉम ब्लेक यांनी पाणी शिरणार नाही अशी पेटी करून कॅमेरा थेट लाटांत नेला. पुढे डॉक बॉल या दंतवैद्याने तोच मार्ग धरला आणि १९४६ साली कॅलिफोर्नियातील सर्फिंगच्या फोटोंचे पुस्तक काढले. मात्र त्यातून डोळ्यांपुढे येतो तो मुख्यतः गोरा तरुण.

मग काळी माणसे समुद्रावर जात नव्हती काय? जात होती. सांता मोनिका येथे बे स्ट्रीटजवळच्या किनाऱ्यावर काळी कुटुंबे जमत. गोरे लोक त्या जागेला हिणवून 'शाईची दौत' म्हणत. इतर किनाऱ्यांवर त्यांना हुसकावले जाई. कायद्याने किनारा खुला, व्यवहारात बंद! महाडचे चवदार तळेही नगरपालिकेने १९२४ साली कागदावर खुले केले होते. पाण्याला हात लागला तो १९२७ साली, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रहाने.

त्याच १९२७ साली निक गॅबल्डन यांचा जन्म झाला. सांता मोनिकाच्या त्याच किनाऱ्यावर हा काळा तरुण सर्फिंग शिकला. उत्तम लाटा होत्या मालिबूला. तेथे जाण्यासाठी तो फळीवर पालथा पडून, हातांनी पाणी मारत, सुमारे १२ मैल समुद्रातून जाई. जून १९५१ मध्ये मालिबूच्या धक्क्याच्या खांबांवर आदळून वयाच्या २४व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. २००८ साली सांता मोनिका शहराने बे स्ट्रीटच्या किनाऱ्यावर त्याच्या नावाचा स्मृतिफलक लावला.

हा इतिहास टिकला कसा? १९९०च्या दशकात लॉस एंजलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयाने निरनिराळ्या समाजांतील कुटुंबांचे जुने अल्बम मागवले, फोटोंच्या प्रती करून घेतल्या आणि मूळ फोटो परत केले. त्यांत १९२० च्या दशकातील सांता मोनिकाच्या वाळूवर पोहण्याच्या पोशाखात हसणारी काळी तरुण माणसेही आहेत. कोणा मोठ्या छायाचित्रकाराची ही कामगिरी नव्हे. घरातल्यांनी घरातल्यांचे काढलेले फोटो शेवटी साक्षीला उभे राहिले.

वस्तीत घरोघरी जाताना आम्ही काय पाहतो? दीक्षाभूमीला गेलेल्या आजीचा, चैत्यभूमीच्या रांगेतील मामांचा, दादरच्या चौपाटीवर लाटेत उभ्या असलेल्या मुलांचा फोटो ट्रंकेत ओलीने चिकटून गेलेला असतो. मागे नाव नाही, साल नाही. आजी गेली की फोटो मुका होतो.

म्हणून माता-भगिनींना आमची विनंती आहे. येत्या रविवारी ट्रंक उघडा. थोरांना जवळ बसवा. प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल मुलांच्या हातून लिहून घ्या. मोबाईलमधल्या फोटोंपैकी निवडक तरी कागदावर काढून ठेवा. आपण तेथे होतो, ताठ मानेने होतो, हे उद्या दुसरे कोणी सांगणार नाही.

जय भीम!