वास येतो तेवढीच गळती

पिंपरी-चिंचवडमध्ये रस्ता खोदताना जेसीबीचा दात गॅसच्या पाइपलाइनला लागला, की पुढचा क्रम ठरलेला. उग्र वास सुटतो, बंब येतो, गॅस पुरवणाऱ्या एमएनजीएलची माणसं व्हॉल्व्ह बंद करतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘गॅस कधी येणार?’ ही विचारणा सुरू होते. हवेत किती गेला, हे कुणी विचारत नाही.

हा गॅस म्हणजे बहुतांशी मिथेन. हवेत तो साधारण १२ वर्षं टिकतो, पण २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता अडवतो. मूळचा बिनवासाचा, नाकाला झोंबतो तो मुद्दाम मिसळलेला मर्कॅप्टन.

गेल आणि बीपीसीएल यांनी एमएनजीएल स्थापन केली २००६ साली. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदाही त्याच वर्षीचा. शहरी गॅस जाळ्यासाठी मंडळाने २००८ मध्ये तांत्रिक व सुरक्षा मानकं घालून दिली. पाइप कसा पुरायचा, दाब किती ठेवायचा, वास कसा मिसळायचा, तपासणी कशी करायची, हे सगळं त्यात आहे. रोख आगीवर, आणि दाट वस्तीत तो असायलाच हवा. पण तेल-वायू कंपन्यांनी वर्षाला किती टनांहून जास्त मिथेन सोडू नये, अशी मर्यादा देशात नाही.

ग्लासगोच्या हवामान परिषदेत नोव्हेंबर २०२१ मध्ये जागतिक मिथेन प्रतिज्ञा झाली: २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के कपात. भारताने सही केली नाही. आपल्याकडचा मिथेन मुख्यतः भातशेती आणि गुरांचा, म्हणजे पोटापाण्याचा, ही सरकारची भूमिका. २०१६ च्या आकडेवारीत शेतीचा वाटा सुमारे ७४ टक्के आहे, ऊर्जाक्षेत्राचा ११ च्या आसपास. युक्तिवादात तथ्य आहे. मात्र शेतकऱ्याच्या गोठ्यामागे गॅसचे व्हॉल्व्हही आयतेच लपले. मुंबई हायवाल्या ओएनजीसीने २०२३ च्या दुबई हवामान परिषदेत उत्खननातला मिथेन २०३० पर्यंत जवळपास शून्यावर आणण्याच्या सनदेला संमती दिली, पण ती ऐच्छिक.

गंमत अशी, की मिथेनला आकड्यात बांधणारा नियम पिंपरी-चिंचवडच्या याच वाहनउद्योगाच्या पट्ट्याला चांगला ठाऊक आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांत अवजड सीएनजी इंजिनांच्या धुरातल्या मिथेनवर बदलत्या भाराच्या चाचणीत किलोवॉट-तासाला अर्ध्या ग्रॅमची मर्यादा आहे. अशा चाचण्या करणाऱ्या ‘एआरएआय’चं मुख्यालय पुण्यात, एक केंद्र चाकणमध्ये. म्हणजे बसच्या इंजिनाला जळायचा राहिलेला मिथेन अर्ध्या ग्रॅमपर्यंत मोजून द्यावा लागतो. त्या बसपर्यंत गॅस आणणाऱ्या जाळ्याला तसा आकडा कुणी मागत नाही. कंपनीच्या हिशेबवह्यांत घेतलेल्या आणि विकलेल्या गॅसमधला फरक निघतोच. त्यात मीटरची चूकही असते, गळतीही. ती फोड जाहीर करायला लावली, तरी सुरुवात होईल.

दुसरी किल्ली खरेदीत आहे. घरगुती गॅस आणि सीएनजीला देशी वायूत प्राधान्य असल्याने कारखान्यांच्या भट्ट्या आणि पेंट शॉपचे ओव्हन आयात केलेल्या द्रवरूप वायूवर, म्हणजे एलएनजीवर, जास्त अवलंबून असतात. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात आयातदारांना अट घातली, की २०२७ पासून नव्या करारांतल्या गॅससाठी उत्पादकाकडची मिथेन-मोजणी युरोपच्या तोडीची असल्याचं दाखवावं लागेल. २०२४ च्याच फेब्रुवारीत एलएनजी आयात करणाऱ्या पेट्रोनेटने कतारशी दरवर्षी ७५ लाख टन एलएनजीचा करार २०४८ पर्यंत वाढवला. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाने गळतीचा हिशेब मागितला, तर विकणाऱ्याला तो सहजी टाळता येणार नाही.