नंदादेवीचे बंद दार

गढवालच्या चमोली जिल्ह्यात नंदादेवीभोवती निसर्गाने जो तट उभारला आहे, त्याच्यापुढे सह्याद्रीतील दुर्गम गडही सोपे वाटावेत. ७,८१६ मीटर उंचीचे हे शिखर, सभोवती हिमाच्छादित पर्वतांचे कडे, आणि पश्चिमेस ऋषिगंगेने कोरलेली एक भयाण घळ! या घळीतून शिप्टन आणि टिलमन हे गिर्यारोहक १९३४ साली आतल्या कुरणांत पोहोचले. तेथील भरल माणसाला बिचकतही नसत.

१९३९ मध्ये हा प्रदेश अभयारण्य ठरला. परंतु १९७४ पासून परदेशी गिर्यारोहकांना प्रवेश मिळाला आणि मोहिमांची रीघ लागली. स्वयंपाकाच्या सरपणासाठी भूर्जवृक्षांवर कुऱ्हाड पडली, कस्तुरीमृगाची चोरटी शिकार झाली, रिकाम्या डब्यांचे ढीग साचले. पर्वतावर प्रेम करणाऱ्यांनीच हे करावे, यासारखा दुसरा विपर्यास नाही. अखेर १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि पुढील वर्षी सर्वांना दार बंद झाले. १९९३ साली सैन्यदलाची मोहीम शास्त्रज्ञांसह आत गेली, तेव्हा वनश्री सावरू लागल्याचे दिसले. जुना कचराही तिने खाली आणला.

मात्र ‘सर्वांना’ या शब्दात लाता आणि रेणी या गावांचे भोटिया लोकही आले. उन्हाळी चराई गेली, मोहिमांच्या हमालीची मजुरीही गेली. रेणी म्हणजे तेच गाव, जेथे १९७४ मध्ये गौरादेवी आणि तिच्या सोबतिणींनी झाडांना वाचविले. ज्यांनी वन राखले त्यांनाच वनाबाहेर ठेवणारा नियम कागदावर निर्दोष असेल, न्याय्य मात्र म्हणवत नाही. पुढे उद्यानाच्या केवळ बाह्य भागात, मर्यादित संख्येने, स्थानिक वाटाड्यासह जाण्याची मुभा देण्यात आली; गावाच्या हाती थोडे उत्पन्न आले. शिखराकडील अंतर्भाग सामान्य प्रवाशांना बंदच राहिला.

जवळच्याच ‘फुलांच्या खोऱ्या’त नियम निराळे आहेत. घांघरियाहून सकाळी निघावे, परवाना दाखवावा, दिवस मावळण्याआधी परतावे. आत मुक्काम नाही, चूल नाही. हा मोसम जून ते ऑक्टोबर एवढाच. गुरांना तेथेही बंदी झाली. त्यानंतर पॉलिगोनम नावाची उंच वनस्पती माजून नाजूक फुलझाडांना झाकू लागली, आणि चराई थांबल्यामुळेच हे घडले काय, यावर अभ्यासकांत मतभेद झाले. वनखाते ती मजुरांकडून उपटून काढविते. पूर्वी त्याच उतारांवर मेंढपाळांचे कळप चरत असत.